कॉफीतली अर्धी

रविवारी दुपारी दादांनी घरच्या सगळ्यांना बोलावलं, ते ताईच्या भल्यासाठी. या घरात आजवर झालेली प्रत्येक बैठक कुणाच्या तरी भल्यासाठीच झाली होती. ज्याचं भलं करायचं असे त्याला पुढे दोन दिवस जेवण जात नसे, इतकंच.

वहिनी स्वयंपाकघरात बशीत बिस्किटं मांडत होत्या. मधल्या दारातून त्यांना टेबल दिसत होतं. टोकाच्या खुर्चीवर दादा, म्हणजे त्यांचे यजमान. खालच्या मजल्यावरच्या, वडिलांनी काढलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि शिकाऊ लोकांवर ओरडण्यात तरबेज. त्यांच्या उजव्या हाताला धाकटी बहीण. ती वकील होती आणि जेवताना मीठ मागायचं तरी ‘माझा मुद्दा असा’ म्हणून सुरुवात करायची. खिडकीपाशी सासूबाई. दाराजवळ वहिनींची चोवीस वर्षांची लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, ते अजून सुटलं नव्हतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध ताई, हात मांडीवर ठेवून, जणू लायसन्सच्या परीक्षेला बसलेली.

ताई ही दादांच्या पाठची. वीस-बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून तिने अर्ध्या शहराला गाडी शिकवली. शिकणारे ताई म्हणत, म्हणून घरचेही म्हणू लागले, सख्खा मोठा भाऊसुद्धा. फक्त वहिनी तिला वन्सं म्हणत.

बाबा गेले त्या वर्षी ताईला गाडीत बसल्या बसल्या श्वास पुरेनासा झाला. छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी एक लहानशी पांढरी गोळी लिहून दिली, चार आठवड्यांसाठी. ते चार आठवडे संपायला अकरा वर्षं लागली. गोळीने ताई शांत झाली, ताईमुळे घर शांत झालं, आणि शांत घराला प्रश्न विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ताईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, “या गोळीने हात-पाय उशिरा हलतात. दुसऱ्याला गाडी शिकवणाऱ्याने ही घेऊन चालायचं नाही. पण एकदम सोडलीत तर फिट येऊ शकते. हळूहळू उतरायचं, मी सांगेन तसंच.”

त्या वेळीही बैठक झाली होती. “सोड ती गोळी!” असं सगळे एका सुरात ओरडले होते; धाकटी सगळ्यांत मोठ्याने. ताईची गाडी तात्पुरती भिंगरीकडे गेली. उरलेल्या गोळ्या वहिनींच्या ताब्यात द्यायच्या, असं एकमताने ठरलं, कारण घरात भरवशाचं माणूस तेवढं एकच.

बिस्किटं मांडताना त्या भरवशाच्या माणसाच्या हातून दोन खाली पडली.

“माझं म्हणणं साधं आहे,” दादा म्हणाले. “ताईने खूप केलं. पण आता कुणाला त्रास नको. भिंगरीने गाडी कायमची घ्यावी, ताईने खाली ऑफिसात बसावं. आणि गोळी...” त्यांनी घसा साफ केला. “गोळी परत सुरू करावी. पहिल्यासारखी.”

“वर्षापूर्वी तूच म्हणालास, सोड,” ताई म्हणाली.

“तेव्हा मला काय माहीत, सोडल्यावर तू बोलायला लागशील?”

भिंगरीने हसू दाबलं. दादा जे बोलले ते खरं होतं, फक्त त्यांना ते इतकं स्पष्ट बोलायचं नव्हतं.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी वहिनी आठवडाभर आपल्या बहिणीकडे गेल्या, आणि त्या आठवड्यात ताईची झोप उडाली. हात थरथरू लागले, कपाळावर घाम, भांडं पडलं तरी दचकायची. आणि तोंड सुटलं. दादांना ती म्हणाली, “तुझ्याकडे शिकलेले निम्मे लोक अजून बसने फिरतात.” धाकटीला म्हणाली, “तू मला बघायला येत नाहीस, तुझं रडगाणं ऐकवायला येतेस. मी पेंगायचे, तुला वाटायचं मान डोलावतेय.” आणि सासूबाईंना, “दादा साठीला आला तरी त्याला सायीचं दूध, आणि मला काय? सल्ला.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच कुणी विसरलं नाही. वहिनी परत आल्या, दोन दिवसांत ताई निवळली, आणि पुन्हा सोफ्यावर मान टाकून पेंगू लागली. घराने सुटकेचा नि:श्वास सोडला.

“माझा मुद्दा असा,” धाकटी म्हणाली, “की ताई, मी आजही तुझ्याच बाजूने आहे.”

“बाजू कुठली ते सांग आधी,” भिंगरी म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस, तुला गाडी मिळतेय.”

“मला हवीच आहे गाडी. ती काही मी नाकारत नाही. पण आत्या रडत देणार असेल तर तिच्यात बसून मी शिकवू काय?”

“रडतंय कोण?” ताई म्हणाली. खरंच ती रडत नव्हती. “त्या गुरुवारचं तरी सांग ना सगळ्यांना, दादा. तेच तर मुख्य आहे.”

दादांनी ते आनंदाने सांगितलं, पण चेहरा दुःखी ठेवून. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती: पाव गोळीवर महिनाभर नीट राहिलात, तर मोकळ्या मैदानात, घरचंच माणूस चालवायला घेऊन, बसून बघा. गुरुवारी दादा शिकाऊ झाले आणि त्यांनी मुद्दाम गाडी रिकाम्या पिंपाकडे नेली. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. ताईने तो दाबला, पण पिंप आडवं झाल्यावर.

“पिंप होतं म्हणून,” दादा म्हणाले. “माणूस असतं तर?”

वहिनी बशी घेऊन आल्या आणि ती टेबलावर ठेवण्याऐवजी हातातच धरून उभ्या राहिल्या.

“मुलगी थकली आहे,” सासूबाई म्हणाल्या. “कशाला छळता? तुमचे बाबा गेले त्या दिवशी हिला पहिली गोळी मीच दिली होती, माझ्या डबीतली. डॉक्टर नंतर आले. घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि गप्प झाली. तेव्हाही सगळ्यांना बरंच वाटलं होतं.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला, आई?” ताईने विचारलं.

“पाहुण्यांना.”

ताई हसली. मग तिने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली. वर्षभर ती जवळ बाळगत होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तिने टेबलावर ठेवली, दादांच्या बाजूला सरकवली.

“घे. मी हरले असं समज. मला याच्यात एकच गोष्ट कळत नाही. अर्धीपर्यंत मी ठीक उतरले. मग पाव झाली, आणि पाव गोळी मला दिवसभर झोपवते. तीच पाव गोळी, वहिनी गावाला गेल्यावर मला पुरत नाही, अंग फुटतं. असं कसं असेल? माझ्या डोक्यातच काहीतरी ढिलं असणार. या वयात का होईना, कळलं ते बरं झालं. उगाच कुणाचं लेकरू गाडीखाली घातलं असतं.”

वहिनींनी बशी खाली ठेवली. टेबलावर नाही, सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाईंनी एक बिस्किट उचललं.

“अगं, सगळ्यांना कॉफी टाक,” दादा म्हणाले. काम मनासारखं झालं की त्यांना कॉफी लागे.

“हो वहिनी,” ताई म्हणाली, “तुमच्या हातची कॉफी प्यायली की बरं वाटतं बघा मला.”

वहिनी आत गेल्या, पातेलं गॅसवर ठेवलं आणि गॅस पेटवायला विसरल्या.

साखरेच्या डब्यामागे वहिनींच्या ताब्यात दिलेल्या गोळ्यांची डबी होती. आत अर्ध्या केलेल्या गोळ्या. वहिनींनी त्या सुरीने अगदी सारख्या कापल्या होत्या. वहिनींचं काम कसं नेहमी नीटनेटकं. वाईट हेतू? छे. पाव गोळीच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ताई सकाळपासून या खिडकीशी उभी राहिली होती. काही खाईना, बोलेना. नुसती नखं खिडकीच्या चौकटीवर वाजवत होती. आणि म्हणाली होती, “वहिनी, मी मागितली तरी देऊ नका हं.” वहिनींनी शब्द पाळला. ताईने मागितली नाही, आणि वहिनींनी दिली. संध्याकाळच्या कॉफीत विरघळवून, दोन चमचे साखर जास्त घालून.

त्या रात्री सगळं घर गाढ झोपलं. सगळ्यांत गाढ वहिनी. कुणी रडत असेल, कुणी दचकत असेल, तर वहिनींना अन्नाचा घास गिळता येत नसे. लग्न करून आल्या तेव्हापासून हे असंच. खाली ऑफिसातही परीक्षेत नापास झालेल्या पोरांना त्या आधी पाणी द्यायच्या, मग निकाल सांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आजच्या पुरतीच. तिसऱ्या दिवशी ठरवलं, उद्यापासून नाही. मग रोज ठरवू लागल्या, उद्यापासून नाही. ताईलाच या घरात गोळीची सवय आहे, असं सगळे समजत होते.

बहिणीकडे जाताना मात्र डबी त्यांच्या पिशवीत होती. मागे ठेवायची हिंमत नव्हती. परत आल्या तर ताईचे हात कापत होते, आणि त्या मनाशी म्हणाल्या होत्या, बघा, आपण नसलो की हिचं काय होतं ते.

आता बाहेर त्या टेबलावर किल्ली पडली होती. वहिनी गप्प राहिल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. दादा खूश, घर शांत, भिंगरीला गाडी. भरवशाचं माणूस भरवशाचंच राहिलं असतं. फक्त ताई उरलेलं आयुष्य खालच्या ऑफिसात बसून, आपल्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे असं मानून काढणार होती.

“पाणी उकळलं नाही का अजून?” दादांचा आवाज आला.

वहिनी डबी घेऊनच बाहेर आल्या.

“वन्सं, तुमचं डोकं धड आहे,” त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की सासूबाई पुढे वाकल्या. “मी घालत होते. कॉफीत. रोज अर्धी.”

कुणाला काही कळायला थोडा वेळ लागला. सगळ्यांत आधी कळलं ते दादांना, पण भलतंच.

“माझ्या कॉफीत पण?”

“बाबा,” भिंगरी म्हणाली, “तुमच्यात असती तर गल्लीने पेढे वाटले असते.”

“हा गुन्हा आहे,” धाकटी उभी राहिली. “वहिनी, तुम्हाला कळतं का? दुसऱ्याला नकळत औषध देणं म्हणजे, माझा मुद्दा असा, की...”

“तरीच कॉफी इतकी गोड,” सासूबाई म्हणाल्या. “मी एकदा हिच्या कपातली प्यायले होते. त्या दिवशी दुपारभर झोपले मी. मला वाटलं, वय झालं.”

ताई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. शिकाऊ माणसाचं चुकलं कुठे, हे शोधताना ती अशीच गप्प होत असे, आणि तो बिचारा शेजारी घाम पुसत बसे.

“म्हणजे मी पावावर नव्हतेच,” शेवटी ती म्हणाली. “पाव माझी, अर्धी तुमची. मी पाऊणवर होते. अर्धीवरून खाली उतरायचं म्हणून मी वर चढत होते. आणि तुम्ही गेलात, तेव्हा पाऊणवरून एकदम पावावर आपटले.”

“हो.”

“आणि गुरुवारी पिंप आडवं झालं, ते पाऊण गोळीने.”

“हो, वन्सं.”

“तुम्हाला माहीत होतं गुरुवारी?”

वहिनींनी मान हलवली. हो म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

“वहिनी, तुमच्यापेक्षा ती गोळी बरी,” ताई म्हणाली. “ती काय करणार आहे ते निदान खोक्यावर लिहून तरी असतं.”

हे कुणाला लागलं नाही असं टेबलाशी कुणी नव्हतं. ताईचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर जास्तच.

“बाबा आम्हाला काय शिकवायचे, दादा? आपला ब्रेक दाबलास तर शिकणाऱ्याला सांग. ‘मी दाबला’ म्हण. नाहीतर त्याला वाटतं, गाडी त्यानेच थांबवली. किंवा वाटतं, त्याला काही जमतच नाही. दोन्हींनी तो रस्त्यावर मरतो. वहिनी वर्षानुवर्षं ऑफिसात बसून हेच ऐकत आल्या. आणि घरात?” तिने एकेकाकडे पाहिलं. “घरात सगळ्यांचाच पाय माझ्या ब्रेकवर. आईचा, तुझा, हिचा. मी जरा हलले की दाब.”

“मी भीतीने केलं हो,” वहिनी म्हणाल्या. “तुमचे हात बघवत नव्हते.”

“हात माझे होते.”

दादांनी हलकेच किल्ली आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. “झालं ते झालं. पण आता पुन्हा पहिल्यापासून आलं ना सगळं? आणखी वर्ष जाणार. तेव्हा मी म्हणतो, गाडीचं जे ठरलं...”

“ठरलं काय?” धाकटी एकदम त्यांच्यावर वळली. वकिलाला हरणारी बाजू नेमकी कळते. “पुरावाच खोटा निघाला दादा! पिंपाचा पुरावा संपला. मी तर पहिल्यापासून ताईच्या बाजूने होते.”

“हो ना,” भिंगरी म्हणाली, “फक्त मधली दहा मिनिटं तिकडे पाणी प्यायला गेली होतीस.”

ताईने दादांच्या बोटांखालून किल्ली सोडवून घेतली आणि भिंगरीच्या हातात दिली. “वापर. उसनी आहे. सांभाळून.” मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर ठेवून.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की रागाच्या भरात आज एकदम काही बंद करायचं नाही. शरीराला सवय पाऊण गोळीची आहे, तर उद्यापासून पाऊणच घ्यायची, उघड. उद्या भेटायला या. तिथून पुन्हा उतरू, या वेळी आणखी हळू. “आणि त्या ज्या कोणी वहिनी आहेत,” त्या म्हणाल्या, “त्यांना पण घेऊन या.”

“मी काय करू तिथे?” वहिनी घाबरल्या.

“आजारी माणसाला घेऊन या, असं म्हणतायत,” भिंगरी म्हणाली आणि मग आईचा चेहरा पाहून तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

म्हणजे बैठकीचा निकाल असा लागला की गोळी सोडून दे म्हणणाऱ्या आणि मग परत घे म्हणणाऱ्या सगळ्यांना ताईने दुसऱ्या दिवशी आपल्यासमोर पाऊण गोळी गिळताना बघावं लागलं. डबी आता टेबलाच्या मधोमध, मिठाशेजारी. कापायची ताईने, घ्यायची ताईने. स्वयंपाकघरातून आपली हकालपट्टी होणार, असं वहिनींना वाटत होतं. त्यांनी एप्रन घडी करूनही ठेवला होता. ताईने तो त्यांच्या अंगावर फेकला.

“सुटका नाही तुमची. तुम्हाला दुसरी शिक्षा.”

“सांगा.”

“मला त्रास होईल तेव्हा समोर येऊन बसायचं. आणि काहीही करायचं नाही.”

“काहीच नाही?”

“पाणी नाही, पंखा नाही, पाठीवरून हात नाही. मी सांगितल्याशिवाय.”

वहिनींना वाटलं, यापेक्षा पोलिसांत दिलं असतं तर बरं.

पाऊणवरून पुढची पायरी उतरली ती बऱ्याच आठवड्यांनी, आणि नुसती नखाएवढी. तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई सोफ्यावर ताठ झाली. बोटं एकमेकांत अडकली, गुडघा हलू लागला.

“भीती वाटतेय मला,” ती म्हणाली.

या घरात असं वाक्य मोकळं सोडायची रीतच नव्हती. दादांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि भिंगरीने डोळे वटारल्यावर परत आला. सासूबाईंनी डबीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. वहिनी समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांचे हात आपोआप पुढे झाले, म्हणून त्यांनी ते दोन्ही मांडीखाली घातले आणि त्यांवर बसल्या. डोळ्यांत पाणी, जबडा आवळलेला, चेहरा लाल.

ताई थरथरत होती. वहिनी बसून होत्या. दोघींत जास्त हाल कुणाचे चालले होते, ते सांगणं कठीण होतं.

असा बराच वेळ गेला. गुडघ्याचा वेग जरासा मंदावला, मग वाढला, मग पुन्हा मंदावला. ताईने समोर पाहिलं. इतक्या वर्षांत कितीतरी घाबरलेली माणसं तिने शेजारच्या सीटवरून पाहिली होती, पण इतकं घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“वहिनी,” ती कापऱ्या आवाजात म्हणाली, “श्वास घ्या.”

“घेतलाय.”

“केव्हा?”

“तुम्ही भीती वाटते म्हणालात तेव्हा.”

“मग सोडा आता.”